दहा वर्षं खोललेलं इंजिन

मुलांनो, कुकर शिट्टी द्यायला लागला की आई काय म्हणते? "लांब राहा रे, गरम आहे!" आणि ते बरोबरच आहे. एवढ्याशा भांड्यात कोंडलेली वाफ ती जड शिट्टी अशी उचलते, की बघत राहावं. आता एक काम करा. डोळे मिटा आणि तुमच्या वर्गखोलीएवढा लांब, आडवा कुकर डोळ्यांपुढे आणा. त्यात वाफेचा दाब घरच्या कुकरच्या जवळजवळ पंधरा पट! हा अगडबंब कुकर चाकांवर बसवला, की झालं वाफेचं इंजिन.

असं इंजिन तुमच्यापैकी बहुतेकांनी चित्रात किंवा सिनेमातच पाहिलं असेल. आजी-आजोबांना मात्र विचारून बघा. खिडकीतून डोकं बाहेर काढलं की डोळ्यांत कोळशाचे कण कसे जायचे आणि पांढरा सदरा घालून गाडीत बसलेला माणूस उतरताना कसा दिसायचा, ते अगदी रंगवून सांगतील. आपल्या देशात ब्रॉडगेजवर रोज धावणाऱ्या वाफेच्या गाड्या १९९५ साली थांबल्या. तेव्हापासून ही इंजिनं म्हणजे जपून ठेवायची वस्तू झाली.

पण जपून ठेवायची म्हणजे नक्की काय करायचं? रंग देऊन, कुंपण घालून उभी करायची? की पुन्हा चालती करायची? आणि चालती करायची तर किती खटाटोप करावा लागतो? आज मी तुम्हांला अशा एका इंजिनाची हकिगत सांगणार आहे, जे दुरुस्तीसाठी खोललं आणि पुन्हा धावायला पूर्ण दहा वर्षं लागली. त्याचं नाव 'फ्लाइंग स्कॉट्समन'. म्हणजे उडता स्कॉटलंडवाला!

लीड्सहून यॉर्कला

माझा भाऊ नोकरीच्या निमित्ताने इंग्लंडमधल्या लीड्स शहरात राहतो. २०१९ च्या मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर, मी त्याच्याकडे गेले होते. लीड्स हे नाव रेल्वेच्या वेड्यांना चांगलं माहीत असतं बरं का! आपली 'फेअरी क्वीन' याच गावात जन्मली. १८५५ साली इथल्या कारखान्यात ती तयार झाली, जहाजातून कोलकात्याला आली आणि १९०९ पर्यंत राबली. मग कितीतरी वर्षं ती नुसती शोभेला उभी होती. १९९७ साली आपल्या रेल्वेने तिला पुन्हा वाफेवर चालवलं आणि १९९८ साली जगातलं सर्वांत जुनं चालू इंजिन म्हणून तिची गिनेस बुकात नोंद झाली. तेव्हा लीड्सला आल्यावर, 'आपल्या पोरीचं माहेर पाहिलं,' असं मला वाटलं, तर त्यात नवल नाही.

माझा आठ वर्षांचा भाचा मात्र एकच धोशा लावून बसला होता. "आत्या, आपण यॉर्कला जाऊ. तिथे रेल्वेचं म्युझियम आहे." यॉर्क लीड्सपासून जेमतेम चाळीस किलोमीटर. गाडीने अर्धा ताससुद्धा लागत नाही. यॉर्कचं स्टेशन १८७७ सालचं. रूळ वळणावर असल्यामुळे वरचं लोखंडी छप्परही कमानीसारखं वळत गेलेलं आहे. फलाटावर उभं राहून वर पाहिलं, की एखाद्या प्रचंड माशाच्या बरगड्या पाहतोय असं वाटतं.

स्टेशनपासून दहा मिनिटं चाललं की राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय येतं. १९७५ साली ते सुरू झालं, तेही कुठे? इंजिनांच्या जुन्या शेडमध्येच! मधोमध मोठी फिरती चकती आहे. तिच्यावर इंजिन उभं करायचं, चकती फिरवायची आणि हव्या त्या रुळावर इंजिन सोडायचं. चकतीभोवती सूर्याच्या किरणांसारखे रूळ आणि प्रत्येक रुळावर एक एक इंजिन. तिथे 'मॅलर्ड' आहे. ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैलांचा, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटरचा वेग गाठून तिने वाफेच्या इंजिनांचा जागतिक विक्रम केला. जपानची जुनी बुलेट ट्रेनही आहे. आत जायला तिकीट नाही!

पण आम्ही ज्याच्यासाठी गेलो होतो, ते इंजिन काही तिथे नव्हतं. ते चालतं इंजिन आहे ना! आज या गावी गाडी ओढतंय, उद्या दुसऱ्या गावी पाहुणं म्हणून गेलंय. भाच्याचा चेहरा एवढासा झाला. "आत्या, मग आता बघायचं काय?"

कापून ठेवलेलं इंजिन

बघायला मिळालं, आणि फार कामाचं मिळालं. त्या दालनात 'एलरमन लाइन्स' नावाचं एक इंजिन आहे. ते एका बाजूने चक्क कापून ठेवलंय. आपण कलिंगड कापून आत लाल आहे का बघतो ना, तसं! त्यामुळे वाफेच्या इंजिनाच्या पोटात काय असतं ते उघड दिसतं.

मागच्या बाजूला भट्टी. फायरमन तिच्यात फावड्याने कोळसा टाकतो. भट्टीतला तापलेला वायू पुढे जातो तो शंभराहून जास्त नळ्यांतून. या नळ्या बॉयलरच्या पाण्यातून जातात. नळ्या तापल्या की पाणी उकळतं आणि वाफ वर साठते. ड्रायव्हरने एक दांडा ओढला की ती वाफ सिलिंडरमध्ये शिरते, दट्ट्याला एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने ढकलते. दट्ट्याला जोडलेले लांब दांडे चाकं फिरवतात. काम झालेली वाफ धुराड्यातून जोरात बाहेर पडते. तीच आपली 'भक्-भक्'! गंमत म्हणजे ही बाहेर पडणारी वाफच भट्टीतला वारा ओढते आणि जाळ फुलवते. म्हणजे इंजिन जितकं जास्त राबतं, तितकी त्याची चूल आपोआप जास्त पेटते. आपण चुलीशी फुंकणी घेऊन बसतो, तसं तिथे कुणाला बसावं लागत नाही.

आता भट्टीकडे नीट बघा. आतली भट्टी एका पेटीसारखी आणि तिच्याभोवती बाहेरची दुसरी पेटी. दोहोंच्या मध्ये पाणी. वाफेचा दाब एवढा, की आतली पेटी चेपून जाईल आणि बाहेरची फुगेल. म्हणून दोन्ही पेट्या शेकडो छोट्या लोखंडी-तांब्याच्या खुंट्यांनी एकमेकींना जखडलेल्या असतात. त्यातल्या थोड्या खुंट्या आतून झिजल्या, तुटल्या, तर? बाहेरून रंग चकचकीतच दिसणार. पण आत कोंडलेल्या वाफेला ते बरोबर कळतं!

म्हणून चालत्या इंजिनाला नियम फार कडक असतात. ब्रिटनमध्ये साधारण दर दहा वर्षांनी अशा जुन्या इंजिनाचा बॉयलर उतरवतात, नळ्या काढतात, आतून-बाहेरून तपासतात. सगळं ठीक असेल तरच पुढची परवानगी. तपासणी पुरी झालेली नसताना कुणी कितीही मोठा माणूस सांगू दे, भट्टी पेटत नाही.

इंजिनाची कुंडली

'फ्लाइंग स्कॉट्समन' १९२३ साली डॉनकॅस्टरच्या कारखान्यात तयार झालं. त्याचा आराखडा नायजेल ग्रेस्ली या इंजिनियरचा. तीन सिलिंडर, आणि मुख्य चाकं सहा फूट आठ इंच उंच. म्हणजे आपल्या घराच्या दाराएवढं एक चाक! तीन सिलिंडर असल्याने चाकाच्या एका फेऱ्यात धुराड्यातून सहा वेळा 'भक्' येतं. दोन सिलिंडरच्या इंजिनाला चारच वेळा येतं. कान तयार असलेला माणूस डोळे मिटून ओळखतो, कुठल्या जातीचं इंजिन आलं ते.

१ मे १९२८ रोजी या इंजिनाने लंडन ते एडिंबरा ही गाडी कुठेही न थांबता नेली. अंतर ३९२ मैल, म्हणजे सुमारे ६३० किलोमीटर. समजा, मुंबईहून सुटलेली गाडी अकोलं मागे टाकेपर्यंत थांबलीच नाही! मग पाणी कुठे भरलं? रुळांच्या मध्ये लांबलचक पन्हळी होत्या. धावत्या इंजिनाच्या टेंडरमधून एक पळा खाली सोडायचा आणि पाणी वर खेचून घ्यायचं. आणि ड्रायव्हर-फायरमन दमले तर? टेंडरमधूनच एक अरुंद बोळ काढला होता. दुसरी जोडी डब्यातून त्या बोळाने इंजिनात यायची आणि पहिली जोडी विश्रांतीला मागे जायची. ३० नोव्हेंबर १९३४ रोजी याच इंजिनाने ताशी शंभर मैलांचा वेग गाठला. पक्की नोंद होऊन हा वेग गाठणारं ते पहिलं वाफेचं इंजिन.

पुढे दिवस फिरले. डिझेलची इंजिनं आली आणि १९६३ साली याची नोकरी संपली. भंगारात जाणार, इतक्यात ॲलन पेग्लर या गृहस्थाने ते तीन हजार पौंडांना विकत घेतलं. १९६९ साली त्याने ते अमेरिकेच्या दौऱ्यावर नेलं. दौरा लांबला, पैसे संपले, पेग्लरचं दिवाळं निघालं आणि इंजिन कॅलिफोर्नियात अडकून पडलं! १९७३ साली विल्यम मॅकअल्पाइन याने पैसे भरून ते जहाजाने परत आणलं. १९८८-८९ मध्ये ते ऑस्ट्रेलियालाही जाऊन आलं. तिथे ८ ऑगस्ट १९८९ रोजी ६७९ किलोमीटर न थांबता धावून त्याने वाफेच्या इंजिनांचा नवा विक्रम केला. तेव्हा त्याचं वय होतं सहासष्ट.

२००४ साली मालक पुन्हा अडचणीत आला. इंजिन परदेशात विकलं जाणार, अशी भीती निर्माण झाली. तेव्हा यॉर्कच्या संग्रहालयाने हाक दिली. राष्ट्रीय वारसा निधीतून मोठी रक्कम मिळाली, सामान्य लोकांनी आपापल्या परीने वर्गणी दिली आणि उद्योगपती रिचर्ड ब्रॅन्सन यांनी लोकांच्या वर्गणीएवढीच भर घातली. सुमारे तेवीस लाख पौंड जमले आणि इंजिन सर्वांचं झालं.

आता हे लक्षात ठेवा हं. इंजिन लोकांच्या पैशांनी घेतलेलं होतं. त्यामुळे पुढे जे झालं, त्याचा जाबही लोकच विचारणार होते.

खोललं आणि अडकलं

गॅरेजमधले मिस्त्री एक वाक्य नेहमी म्हणतात, "साहेब, खोलल्याशिवाय सांगता येत नाही." तुमच्या बाबांनी ते ऐकलेलं असणारच!

२००६ च्या सुरुवातीला यॉर्कच्या संग्रहालयाच्याच कारखान्यात इंजिन खोललं. अंदाज होता, की एक-दोन वर्षांत काम उरकेल. या कारखान्यावर प्रेक्षकांसाठी एक गॅलरी होती. तिथून खाली बघितलं की सुटे भाग पसरलेले दिसायचे. आता तो कारखाना तिथे नाही. त्या जागी २०२३ साली मुलांसाठी 'वंडरलॅब' नावाचं विज्ञानाचं दालन सुरू झालं.

खोलायचं म्हणजे काय? आधी क्रेनने बॉयलर उचलून बाजूला. मग दांडे, दट्टे, सिलिंडर. मग सांगाडा उचलायचा आणि खालून चाकं बाहेर काढायची. शेवटी उरतो नुसता सांगाडा, म्हणजे इंजिनाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेल्या दोन जाड लोखंडी पाट्या आणि त्यांना जोडणारे आडवे भाग. प्रत्येक भाग धुवायचा, मोजायचा आणि भेगा शोधायच्या.

भेगा कशा शोधतात, ते तर मला फारच आवडलं. लोखंडावर लाल रंगाचं पातळ औषध लावतात. भेग केसाएवढी असली तरी ते आत झिरपतं. मग वरचं औषध पुसून काढतात आणि पांढरी पावडर फवारतात. थोड्या वेळाने भेगेतला लाल रंग वर येतो आणि पांढऱ्यावर लालबारीक रेघ उमटते. मी आमच्या चौथीच्या वर्गाला हे सांगितलं, तर एक मुलगी म्हणाली, "बाई, म्हणजे लोखंडाने हात वर केला, की मला इथे लागलंय!" अगदी तसंच!

काम जसजसं पुढे गेलं, तसतसं एकातून एक निघत गेलं. बॉयलरचं काम अंदाजापेक्षा खूप मोठं निघालं. तारखा पुढे गेल्या. २००७ गेलं, २००८ गेलं, २००९ गेलं. वर्तमानपत्रांत टीका होऊ लागली. वर्गणी दिलेली माणसं विचारू लागली, "आमचं इंजिन कुठे आहे?"

मे २०११ मध्ये एक समारंभ झाला. युद्धकाळात या इंजिनाला काळा रंग दिलेला असायचा. तसाच काळा रंग देऊन ते लोकांना दाखवलं. सगळ्यांना वाटलं, झालं आता! पण काम पुरं झालेलं नव्हतं. नंतरच्या तपासणीत सांगाड्याच्या भागांत भेगा सापडल्या. रंगवलेलं, सजवलेलं इंजिन पुन्हा खोलायची वेळ आली.

जरा विचार करा, त्या कामगारांना आणि अधिकाऱ्यांना काय वाटलं असेल! आपण चित्र पुरं करून बाईंना दाखवावं, शाबासकी मिळावी आणि मग कळावं, की कागदच मागून फाटलाय. अशा वेळी दोन वाटा असतात. एक म्हणजे गुपचूप झाकायचं. वरून रंग आहेच. दुसरी म्हणजे सांगून टाकायचं.

संग्रहालयाने दुसरी वाट धरली. २०१२ साली त्यांनी स्वतःच एक अहवाल लोकांसमोर ठेवला. एवढा उशीर का झाला, एवढा खर्च का वाढला, हे त्यात लिहिलं होतं. सुरुवातीला इंजिनाची तपासणी पुरेशी खोलवर झाली नाही आणि त्यामुळे काम किती आहे याचा अंदाज फार कमी धरला गेला, हेही त्यात होतं. एका राष्ट्रीय संस्थेने असं उघडपणे सांगणं सोपं नसतं. पण नेमकं दुखणं कळल्यावरच इलाज सुरू होतो.

बेरी गावचे कारागीर

२०१३ साली उरलेलं काम बेरी गावच्या 'रायली अँड सन' या कारखान्याकडे सोपवलं गेलं. बेरी मँचेस्टरच्या जवळ आहे. यॉर्कनंतर चार दिवसांनी आम्ही तिकडेही गेलो. लीड्सहून गाडीने मँचेस्टर, तिथून ट्रामने बेरी. कारखान्यात काही आम्हांला जायचं नव्हतं. आम्हांला पाहायची होती तिथली ईस्ट लँकाशायर रेल्वे.

ही रेल्वे म्हणजे एक नवलच आहे. बेरी ते रॉटेनस्टॉल या मार्गावरच्या प्रवासी गाड्या १९७२ साली बंद पडल्या होत्या. रेल्वेवर जीव असलेल्या मंडळींनी एकत्र येऊन १९८७ साली तिचा एक टप्पा पुन्हा सुरू केला आणि १९९१ साली गाडी रॉटेनस्टॉलपर्यंत नेली. आजही तिथे तिकीट फाडणारे, फलाट झाडणारे, इंजिन पुसणारे बहुतेक जण बिनपगारी काम करतात. सुट्टीच्या दिवशी यायचं, मळके कपडे घालायचे आणि कामाला लागायचं!

फलाटावर एक पांढऱ्या मिशांचे आजोबा लांब दांड्याच्या हातोडीने डब्याच्या चाकावर टकटक करत होते. त्यांचं बोलणं मला निम्मंच कळत होतं. भाऊ मराठीत सांगत होता. ते म्हणाले, "चाक धड असेल तर घंटेसारखं वाजतं. भेग असेल तर बद्द वाजतं." हे ऐकून मला हसूच आलं. मी भावाला म्हटलं, "त्यांना सांग, आमच्याकडे माठ घेताना आम्हीसुद्धा असंच करतो!" आपणही बोटाच्या पेराने माठ वाजवून बघतो ना? टण्ण वाजला तर चांगला, बद्द वाजला तर तडा गेलेला. आजोबांना हे इतकं आवडलं, की त्यांनी हातोडी भाच्याच्या हातात दिली. त्याने चाकावर मारली. टण्ण!

त्यांच्याशेजारी पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी हातात तेलकट बोळा घेऊन उभी होती. शाळा सांभाळून दर शनिवारी यायची. आजोबा तिला काही सांगत होते आणि ती मान डोलवत होती. आजोबा आम्हांला म्हणाले, "इंजिनाचे नकाशे कपाटात सापडतात. पण खुंटी किती आवळायची, ते नकाशात नसतं. ते मनगटात असतं. मी गेलो की माझं मनगटही जाणार. म्हणून ही पोरगी इथे हवी." त्यांचं हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं.

तर अशा या गावात 'फ्लाइंग स्कॉट्समन'ची उरलेली दुरुस्ती झाली. भेगा गेलेले भाग काढून नवे बसवले, सगळं पुन्हा मोजून-मापून जुळवलं. आणि ८ जानेवारी २०१६ रोजी, बेरीच्या याच रुळांवर, इंजिन स्वतःच्या वाफेवर चाललं! २००६ ते २०१६. बरोबर दहा वर्षं. खर्च सुमारे बेचाळीस लाख पौंड. म्हणजे विकत घ्यायला जेवढे पैसे लागले, त्याच्या जवळजवळ दुप्पट.

एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली का? जानेवारीत ते चाललं, तेव्हा त्याच्या अंगावर साधा काळा रंग होता, आणि तो युद्धकाळची आठवण म्हणून दिलेला नव्हता. तो नुसता अस्तराचा रंग होता. या वेळी आधी चालवून पाहिलं, चाचण्या घेतल्या आणि मगच त्याला हिरवा पोशाख चढवला. २०११ साली आधी रंग, मग भेगा. २०१६ साली आधी चाल, मग रंग!

२५ फेब्रुवारी २०१६ रोजी ते लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनातून यॉर्कला निघालं. शेतांत, पुलांवर, फलाटांवर माणसांची नुसती दाटी. पण काही अतिउत्साही लोक फोटो काढायला चक्क रुळांवर उतरले आणि त्यामुळे गाडी मध्येच थांबवावी लागली. दहा वर्षं ज्यांनी जिवाचं रान करून इंजिन उभं केलं, त्यांच्या पोटात त्या वेळी काय गोळा आला असेल! मुलांनो, रुळावर कधीही उतरायचं नाही. इंजिन कितीही लाडकं असलं तरी त्याला ऐन वेळी थांबता येत नाही.

तेच इंजिन की दुसरं?

ही गोष्ट वर्गात सांगून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. "बाई, एवढे भाग बदलल्यावर ते इंजिन तेच कसं? ते तर नवंच झालं!"

प्रश्न चांगलाच होता. १९२३ साली त्याच्यावर बसवलेला बॉयलर आज त्याच्यावर नाही. डॉनकॅस्टरच्या कारखान्यात तर अशी रीतच होती. एका इंजिनाचा बॉयलर दुरुस्तीला काढला, की दुसऱ्याचा तयार असलेला त्याच्यावर चढवायचे. १९४७ साली जास्त दाबाचा बॉयलर घालून या इंजिनाची जातसुद्धा बदलली होती!

मी त्याला विचारलं, "तुझ्या घरी आजीने शिवलेली गोधडी आहे?" तो म्हणाला, "आहे." "मग आईने तिला कधी ठिगळ लावलंय?" "पुष्कळ वेळा!" "मग ती कुणाची गोधडी?" तो पटकन म्हणाला, "आजीचीच!" आणि स्वतःच हसला.

पण लगेच त्याच्या शेजारची मुलगी म्हणाली, "बाई, पण सगळंच्या सगळं कापड बदललं तर?" आता आली का पंचाईत! मी म्हटलं, "यावर तुम्ही सगळ्यांनी घरी विचार करून या." दुसऱ्या दिवशी वर्गात दोन तट पडले आणि मराठीचा सबंध तास भांडणात गेला. तुम्हीही आईबाबांशी भांडून बघा.

'फ्लाइंग स्कॉट्समन' २०२२ साली पुन्हा दुरुस्तीला गेलं. या वेळी मात्र वेळेत बाहेर आलं आणि २०२३ साली त्याची शंभरी साजरी झाली. पहिल्या खेपेला काय राहून गेलं, हे कागदावर लिहिलेलं होतं आणि कारागिरांच्या हातांनाही ते माहीत झालं होतं.

तुम्हांला यॉर्कला जाणं जमेल तेव्हा जमो. पण नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेज रेल्वेचं संग्रहालय आहे. दिल्लीला राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. आपल्याकडच्या कितीतरी स्टेशनांबाहेर एखादं जुनं इंजिन उभं असतं. तिथे गेलात तर नुसते फोटो काढून परत येऊ नका. चाकं किती आहेत ते मोजा. दट्ट्याचा दांडा कुठे जोडलाय ते बोटाने दाखवा. सिलिंडर दोन आहेत की तीन, ते ओळखा. भट्टीच्या भिंतीवर त्या खुंट्यांची डोकी रांगेने दिसतात का, ते बघा. एखादे रेल्वेतून निवृत्त झालेले आजोबा भेटले, तर त्यांना एवढंच विचारा, "आजोबा, हे चालायचं तेव्हा तुम्ही काय काम करायचात?"

आणि मग ते सांगतील ते सगळं वहीत लिहून घ्या.